इमारत वाजवणारी

संगीताच्या जगात तिला सगळे 'इमारत' म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई चांगली उंचपुरी, धिप्पाड असणार. प्रत्यक्षात ती इतकी काटकुळी होती की ऑर्गनच्या बाकावर बसली की मागून फक्त अंबाडा आणि दोन कोपरं दिसायची. कार्यक्रमाला आलेले लोक तिच्याच पुढ्यात उभे राहून "इमारत कधी येणार?" असं विचारत, आणि ती गंभीर चेहऱ्याने "बांधकाम चालू आहे" असं सांगून आत निघून जाई.

आधी हा ऑर्गन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तिच्या सख्ख्या आत्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. "पेटीच ना गं ती, फक्त कपाटाएवढी?" असं आत्या दर भेटीत विचारायची. कपाटाएवढी नव्हे, चांगली घराएवढी. धातूचे आणि लाकडाचे हजारो पाइप, काही करंगळीएवढे तर काही असे की आत माणूस उभा राहील. खाली मोठा भाता. समोर हातांसाठी पट्ट्यांच्या तीन रांगा, पायांसाठी आणखी एक, आणि दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या. एक खुंटी ओढली की पाइपांचं एक कुटुंब बोलायला तयार होतं, ढकलली की गप्प बसतं. पट्टी दाबून ठेवाल तोवर सूर येत राहतो, तसूभरही कमी होत नाही, आणि बोट उचललंत की कात्रीने कापल्यासारखा बंद होतो. मधलं काही नाही. हे शेवटचं मात्र नीट ध्यानात घ्यावं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

तिचा मामा रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करायचा. कुणीतरी गिऱ्हाईक फ्रेंच ऑर्गनसंगीताच्या तबकड्यांचं एक खोकं त्याच्याकडे ठेवून गेलं आणि परत फिरकलंच नाही. मामा यंत्र दुरुस्त झालं की चाचणीला त्यातलीच एक तबकडी लावायचा. ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर न थरथरता आला की काम चोख, असं त्याचं म्हणणं. शाळा सुटल्यावर ही मामाच्या बाकाखाली जाऊन बसायची. वर कथलाचा डाग देण्याचा वास आणि खाली ते संगीत. इतर मुली भातुकली खेळत होत्या त्या वयात हिला त्या खोक्यातली एकूण एक रचना पाठ झाली होती. पाठ म्हणजे कशी, तर तबकडीवर सुई टेकल्यापासून शेवटची खरखर सुरू होईपर्यंत, जे जे ऐकू येत होतं ते सगळं.

शाळेच्या सभागृहात एक छोटा जुना ऑर्गन होता, त्यावर तिने त्या रचना आपल्या आपण घोटून बसवल्या. पुढे आईने तिला मास्तरांकडे घातलं. मास्तर नगरसभागृहातला ऑर्गन वाजवायचे. सभागृह झोकदार होतं, पण मखमली पडदे आणि जाड गालिचे यांनी ते असं काही भरलं होतं की आवाज तोंडातून निघाला की तिथेच मरायचा. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, येतं ते वाजव. तिने त्या खोक्यातली एक फ्रेंच रचना वाजवली. मास्तर खूश होऊन मान हलवत होते. रचना संपली, पण पोरगी हात काही उचलेना. तिने सगळ्यात वरच्या सुरावरचं बोट आधी उचललं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्याही खालचं. मधेच पायाने पाइपांपुढच्या झडपा मिटत नेल्या, डाव्या हाताने एकेक खुंटी आत ढकलली, आणि शेवटी पायाखालचा एकच जाडा सूर उरला. तोही थोड्या वेळाने गेला.

मास्तर उठून पट्ट्यांशी आले होते. त्यांना वाटलं होतं की काहीतरी अडकलं.

"अडकली का पट्टी?"

"नाही. हे वाजवायचं असतं ना."

"कुठे लिहिलंय?"

"तबकडीत आहे," ती म्हणाली.

मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला, आणि मग ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून बाकावर बसावं लागलं. ते फ्रेंच संगीत प्रचंड दगडी वास्तूंत वाजवण्यासाठी लिहिलेलं. तिथे वादकाने हात उचलल्यावरही सूर घुमटात फिरत राहतो, साताठ सेकंद सहज. तबकडीत तोही उतरला होता. बाकाखाली बसलेल्या पोरीला काय माहीत की वाजवणारा कुठे संपला आणि भिंती कुठे सुरू झाल्या? तिने दोन्ही वाजवायला शिकून घेतलं होतं. "अगं बाळ," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "तो ऑर्गन नव्हे. ती इमारत आहे. तू इमारत वाजवलीस."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं जिवापाड घोटलेलं ते चुकीचं निघालं होतं. पण मास्तरांचं हसू एव्हाना ओसरलं होतं आणि ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "पुन्हा वाजव." तिने वाजवलं. त्यांनी आणखी एकदा वाजवायला लावलं. त्या मखमली कोंदट खोलीत ते गेली वीस वर्षं फ्रेंच संगीत हातपाय तोडल्यासारखं वाजवत होते, आणि ही पोर आपल्या चुकीतून त्याला त्याचे हातपाय परत देत होती. त्यांनी ती चूक सुधारली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दारातूनच विचारायला लागले, इमारत आली का?

बस, तेव्हापासून ती इमारत. त्यानंतरची तिची सगळी कारकीर्द म्हणजे मुक्या खोल्यांना बोलतं करण्याची कारकीर्द. गुबगुबीत खुर्च्यांची नाट्यगृहं, खोट्या छतांची महाविद्यालयं, कारखान्याचं सभागृह, एकदा तर गाडीवर लादून आणलेल्या लहानशा ऑर्गनसह मोटारींचं प्रदर्शन. कुठेही गेली की दारात उभी राहून आधी एक टाळी वाजवायची. टाळी तिथल्या तिथे मेली की खुशीत म्हणायची, "छान, काही शिल्लक नाही इथे," आणि पदर खोचून कामाला लागायची. कुठला सूर किती लांबवायचा, कुठला पुढच्यात मिसळायचा, कुठली खुंटी कधी मिटायची, सगळं बोटांत बसलेलं. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि उघडले की छत इतकं बुटकं कसं म्हणून चक्रावायचे. एक गृहस्थ कार्यक्रमानंतर पडद्यामागे लपवलेले स्पीकर शोधत आला होता. त्याला दोन कप चहा पाजून परत पाठवावं लागलं.

बक्षिसं मिळाली, ध्वनिमुद्रणं निघाली, शिष्य आले. वाजवलं मात्र फक्त फ्रेंच. जर्मन वाजवा म्हणणाऱ्यांना ती म्हणायची की तिकडे माणसं पुष्कळ आहेत, मला कोण विचारतंय. आतेबहिणीने मुलीच्या लग्नात काहीतरी हलकंफुलकं वाजव म्हटलं, तर म्हणाली, हलक्याफुलक्यासाठी एवढं अगडबंब वाद्य कशाला, एखादा बासरीवाला बोलव. आतेबहीण त्यानंतर बरीच वर्षं बोलत नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिला ते कळलंही नाही.

लग्न तिचंही झालं, आणि तेही ऑर्गननेच जुळवलं. नगरसभागृहाच्या छतातला नळ भात्यावर गळायला लागला म्हणून प्लंबरला बोलावलं होतं. ही वाजवत बसलेली. पिशवी घेऊन आलेला प्लंबर थोडा वेळ थांबला, मग खाकरून म्हणाला, "अहो बाई, जरा बंद करता का? थेंब कुठे पडतोय ते ऐकायचंय." तिने रचना संपवली, पण नेहमीसारखी, सूर एकेक करून निरोप देत.

"बंद केलंत का?"

"केलं."

"मग अजून येतंय ते काय?"

"ते मीच."

त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "मग पूर्ण होऊ दे. थेंबाला काही घाई नाही." जन्मात इतकं शहाणं वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं, आणि दोघांचंही पोट पाइपांवरच, हा विनोद दोन्हीकडच्या नातेवाइकांनी झिजेपर्यंत वापरला.

त्याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती हनुवटी कशी हलवते ते कळत होतं. म्हणून मैफलीत तिच्या डाव्या हाताला उभं राहून खुंट्या ओढायचं काम त्याच्याकडे आलं. खुंट्यांवरची फ्रेंच नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने स्वतःचीच ठेवली. नाकात बोलणारी ती 'सर्दी'. कर्ण्यांचा ताफा म्हणजे 'भोंगे'. माणसाच्या गळ्यासारखी कापऱ्या आवाजाची एक असते, ती 'रडकी मावशी'. ऐन मैफलीत ती वाजवता वाजवता पुटपुटायची, "मावशीला घरी पाठवा," आणि हा ती खुंटी अलगद आत ढकलायचा. त्या दोघांच्या संसारात हे शब्द इतके रुळले होते की खरी नावं तिलाही आठवून सांगावी लागत.

सगळं असं सुरळीत चाललं असताना तो लेख आला. लिहिणारा समीक्षक जाणकार होता आणि माणूसही वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने तिची तोंड भरून स्तुती केली होती आणि शेवटी एवढंच लिहिलं होतं, की बाई इमारत अप्रतिम वाजवतात, पण खरी इमारत समोर आली तर काय वाजवतील, ते अजून कुणी ऐकलेलं नाही. लोकांना तो कौतुकाचाच भाग वाटला. हिने मात्र त्या सकाळी पाठोपाठ दोन कप फोडले.

कारण ते खरं होतं. इतकी मोठी कलावंत, फ्रेंच ऑर्गनसंगीत म्हटलं की लोकांच्या तोंडी हिचं नाव, आणि ज्या वास्तूंसाठी ते संगीत जन्मलं तसल्या एकाही वास्तूत तिने उभ्या आयुष्यात वाजवलं नव्हतं. बोलावणी आली नव्हती असं नाही. एकदा तिने मनगट दुखतंय म्हणून कळवलं. दुसऱ्यांदा जाऊबाईंच्या मुलाचं लग्न पुढे केलं, आणि ते लग्न आदल्याच वर्षी होऊन गेलं होतं. नवऱ्याला दोन्ही थापा ठाऊक होत्या.

तिसरं बोलावणं आलं तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. दूरच्या एका शहरात जुनं दगडी प्रार्थनामंदिर होतं, आणि त्यात फ्रेंच कारागिरांनी बांधलेला एक ऑर्गन बरीच वर्षं मुका पडून होता. आता तो दुरुस्त झाला होता आणि त्याची पहिली मैफल तिनेच करावी असा तिथल्या व्यवस्थापकाचा आग्रह होता. कळवते म्हणून तिने फोन ठेवला आणि काही कारण नसताना कपाट आवरायला काढलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. कपड्यांची थप्पी तिसऱ्यांदा मोडून तिसऱ्यांदा लागली, तेव्हा तो बोलला.

"या वेळी कोण? जाऊबाईंचा दुसरा मुलगा?"

ती हसली नाही. हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "अहो, मी तिथे वाजवलं आणि नाही जमलं, तर मग इतकी वर्षं मी वाजवत काय होते?"

ती गोष्ट पहिल्यांदा तोंडाबाहेर पडली होती. त्याने लगेच काही धीराचं बोलून तिची बोळवण केली नाही. "ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण न जाता तुलाही नाही सांगता येणार."

तेव्हा ती गेली.

मैफलीच्या आदल्या दुपारी दोघं त्या वास्तूत शिरली. सवयीने तिने दारातच टाळी वाजवली. टाळी गेली, वर कमानीत शिरली, इकडेतिकडे हिंडली, आणि निवांतपणे परत आली. आपली टाळी परत आलेली तिने कधी ऐकली नव्हती. वरच्या सज्जातल्या ऑर्गनशी ती चढली, नवऱ्याने भोंगे ओढले, आणि तिने पहिला मोठा सूरमेळ दाबला. मामाच्या बाकाखाली ऐकलेला आवाज तो हाच. तिचे डोळे भरून आले. पण तो आनंद तेवढ्यापुरताच होता.

कारण नंतर तिने भराभर सुरांची रचना घेतली आणि सगळ्याचा नुसता काला झाला. एक सूर जातोय न जातोय तोवर दुसरा त्याच्या पायावर पाय देत होता. जे सांधायला तिने आयुष्य घालवलं ते ही वास्तू आधीच सांधून ठेवत होती, आणि वर हिची बोटंही सांधत होती. शेवट तर ऐकवेना. तिने आपले नामांकित सूर एकेक करून सोडायला घेतले, तर असं वाटलं की कुणाची तरी नक्कल त्याच्याच तोंडावर चालली आहे. खाली एका खुर्चीत तो समीक्षक बसला होता. तालमीला मुद्दाम आला होता. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग छत्री उचलली, वर बघून अदबीने मान लववली आणि गेला. तो छद्मी हसला असता तर तिला रागावता तरी आलं असतं.

तिची पाचावर धारण बसली. भाता बंद करून ती नवऱ्याला म्हणाली, तुम्ही खाली जा, अगदी पार टोकाला, आणि मला सांगा तिकडे काय ऐकू येतंय ते. तो गेला. भाता पुन्हा सुरू झाला. तिने थोडं वाजवलं आणि कठड्यावरून वाकून विचारलं. तो लांबलचक काहीतरी ओरडला. वर पोचला तो एक गोळा, शब्द नाहीत. तिने "काय?" म्हटलं, तर तोही गोळाच होऊन खाली गेला असावा, कारण त्यानेही "काय?" म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या जोडप्याला हे नवीन नव्हतं, पण हसायची ती वेळ नव्हती.

मग तो जरा थांबला. उंच बांधकामांवर खालच्या माणसाला हाका मारण्यात त्याचा जन्म गेला होता. तोंडाभोवती हात धरून त्याने एकच शब्द टाकला.

"तू."

शब्द वर आला, कमानीत फिरला, विरला. मग दुसरा.

"सोडत."

तोही आला आणि गेला.

"नाहीस."

ती कठड्याला धरून उभी राहिली. तो काय सांगतोय ते तिला कळलं, पण त्याहून जास्त कळलं ते तो ज्या तऱ्हेने सांगत होता त्यातून. तिन्ही शब्द लख्ख पोचले होते. त्याने मधे जागा सोडली होती आणि त्या जागा वास्तूने भरल्या होत्या, आणि वाक्य अखंड झालं होतं. ती बाकावर परतली. साधे सातच सूर घेतले, तुटक, दोन सुरांच्या मधे दिवा दिसेल इतकी फट ठेवून. जवळून ते फार दरिद्री वाटत होतं. तिने वाकून विचारलं, आता? खालून सावकाश उत्तर आलं.

"आता. गाणं. झालं."

म्हणजे सगळं उलटं करायचं होतं. जिथे जोडत आली तिथे तोडायचं, जिथे धरून ठेवलं तिथे सोडायचं. सांगायला सोपं आहे. बोटांची सवय म्हणजे जुन्या भाडेकरूसारखी, नोटीस दिली म्हणून काही उद्या खोली खाली करत नाही. संध्याकाळी उतरलेल्या खोलीत ती जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसली, आपट आणि उचल, आपट आणि उचल. भाजी निवली. नवऱ्याने तिचं ताट झाकून ठेवलं आणि आपलं जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वास्तू गच्च भरली. आणि पहिल्याच रचनेत घोडं पेंड खायला लागलं. सुरुवात तिने नेटाने तुटक केली, पण दोन पानं उलटली आणि बोटं आपल्या जुन्या घरी गेली. गढूळ व्हायला लागलं. कुणीतरी खोकलं. तिने कशीबशी रचना संपवली. टाळ्या पडल्या, सभ्य आणि मोजक्या. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती म्हणजे कालचं गणित आज चालत नव्हतं. माणसं भरली, त्यांचे गरम कपडे भरले, की आवाज त्यांत थोडा मुरतो आणि दगडसुद्धा जरासा मऊ होतो. काल मोजलेल्या फटी आज जास्त झाल्या होत्या. टेबलावरचा अभ्यास अर्धाअधिक वाया गेला होता.

नवऱ्याने पुढच्या रचनेचं पान उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती सुरू करेना. टाळ्यांचाही शेवटचा अंश वर जाऊन विरेपर्यंत ती थांबली, आणि त्यानंतरही थांबली. खाली लोक चुळबुळायचे थांबले. त्या शांततेत तिला एक गोष्ट इतकी स्वच्छ कळली की नवल वाटलं. आवाज दगडातून कसा ओसरतो, हे या जगात तिच्याइतकं बारकाईने दुसरं कोण शिकलं होतं? लहानपणापासून तिने तेच तर पाठ केलं होतं. वास्तूचं सगळं काम तिला तोंडपाठ होतं. इतकी वर्षं दुसऱ्या कुणी करायला नव्हतं म्हणून ते तिने केलं; आज करणारी हजर होती. आता फक्त ते तिचं तिला करू द्यायचं होतं.

दुसरी रचना संथ होती. तिने एक ओळ टाकली आणि ऐकलं. ओळ जाऊन परत येईपर्यंत हात वर, मग पुढची. कुठे सूर उशिरा विरतोय असं वाटलं की ती रेंगाळली, कुठे झटकन गेला की पुढे सरकली. हळूहळू तिची भीती कुठे गेली ते तिलाच समजलं नाही. ती चक्क वास्तूशी गप्पा मारत होती. समोरची बाई वयाने मोठी, सावकाश बोलणारी, पण मान दिला की भरभरून बोलणारी. नवरा खुंट्या ओढत होता आणि चोरून तिच्याकडे बघत होता, कारण वाजवता वाजवता ती हसत होती, आणि असं त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "मावशीला आणा," ती पुटपुटली. मावशी आली, आणि तो रडका आवाज त्या कमानींखाली असा काही उघडला की नवऱ्याला त्या खुंटीचं आपण ठेवलेलं नाव पहिल्यांदाच खटकलं.

शेवटची रचना तीच, आदल्या दुपारी जिने माती खाल्ली होती. भराभर सुरांची, खाली पायांत मोठी संथ चाल, आणि शेवटी सगळे पाइप एकदम. तिने सूर असे टाकले की प्रत्येक आपल्या पायावर उभा राहिला, आणि त्यांची माळ वर कुठेतरी, तिच्या हाताबाहेर, ओवली गेली. पायाखालून ती संथ चाल निघाली तेव्हा बाकं थरथरली. खाली एक मूल आईच्या मांडीवर उभं राहिलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी उरलेले सगळे भोंगे ओढले, आणि ती शेवटच्या सूरमेळावर आली.

तिने तो दाबला, पुरता भरू दिला. आणि तिच्या बोटांना आठवलं. सगळ्यात वरचं बोट आपलं आपण हलायला लागलं, आधी मी, मग माझ्या खालचं. तिने ते थांबवलं. दोन्ही हात आणि दोन्ही पाय तिने एकदम उचलले.

संगीत बंद झालं नाही.

ती हात वर धरून ऐकत राहिली. आधी वरचे सूर गेले. मग मधले, एकेक करत. खालचा जाडा सूर सगळ्यांच्या शेवटपर्यंत मागे राहिला आणि दाराशी जाऊन विरला. हाच क्रम. एका पोरीने बाकाखाली बसून कान देऊन जो लावला होता, तो एका सुराचाही फरक न पडता बरोबर होता. ती इतकी वर्षं खोटं काही वाजवत नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तिची रचना तिच्याशिवाय संपली होती आणि तिला ती बसून ऐकायला मिळाली होती. तिला इतका आनंद झाला की तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. ती खुशाल रडली.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. शेवटचा सूर दाराबाहेर जाईपर्यंत एवढी माणसं श्वास धरून बसली होती. मग आल्या त्या अशा आल्या की त्यांचाही घुमारा घुमाऱ्यात मिसळला आणि पाऊण वास्तू उभी राहिली तरी कोण कधी उठलं ते कळलं नाही.

समीक्षक सज्जाचा अरुंद गोल जिना चढून वर आला. त्याचंही वय झालं होतं. वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. छत्री भिंतीला टेकवून तो म्हणाला, "बाई, मी एकदा तुमच्याबद्दल लिहिलं होतं..."

"खरं होतं ते," ती म्हणाली. "काल दुपारपर्यंत."

त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. त्याला बरंच काही बोलायचं होतं, आणि पुढे त्याने ते लिहिलंही. पण तिचं लक्ष एव्हाना त्याच्या खांद्यावरून मागे गेलं होतं. जिन्याच्या तोंडाशी व्यवस्थापक फुलं घेऊन उभा होता. तिने त्याला जवळ बोलावून विचारलं, उद्या सकाळी ही जागा रिकामी आहे का. तो म्हणाला, आहे की, पण कशाला?

"उद्या सकाळची गाडी आहे आपली," नवऱ्याने आठवण दिली.

"तिकिटं बदला," ती म्हणाली. "उद्या माणसं नसतील. ही निराळंच बोलेल."

आणि ती बाकावर वळून बसली, उद्या आधी काय घ्यायचं ते ठरवायला पानं चाळू लागली.